विषाणू गेला, म्हणून फाइल बंद करू नका

पायांवर जांभळे ठिपके उठायचे तेव्हा मला मलम मिळायचं. साखर वाढली, गोळी सुरू झाली. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तेही साखरेच्याच खात्यावर मांडलं गेलं. 1994 साली बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं, हे मात्र कुणी विचारलंच नाही. त्यातून मला हेपटायटिस सी झाला असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. कारण हा आजार म्हणजे फक्त यकृताचं दुखणं, असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात या विषाणूमुळे रक्तात तयार होणारी काही प्रथिनं बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतात. ठिपके, हातापायांना मुंग्या, मूत्रपिंडाचा त्रास तिथूनही येतो. मधुमेहाचा धोकाही वाढतो.

औषध उत्तम आहे, यात वाद नाही. सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, बहुतेकांना बारा आठवडे. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपटायटिस कार्यक्रमात मोफत. शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. पण औषध सुरू करण्याआधी हेपटायटिस बी तपासायलाच हवा, नाहीतर दबलेला बी उसळू शकतो. आणि यकृत निबर होऊन सिरॉसिस झालेला असेल, तर विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतोच. 'निगेटिव्ह' रिपोर्ट हातात देऊन रुग्णाला निरोप देणारी व्यवस्था मला म्हणूनच अर्धवट वाटते.

सिरॉसिसवाल्यांनी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये. आणि 2001 च्या आधी, रक्तपेढ्यांत हेपटायटिस सीची तपासणी सक्तीची नसताना, ज्यांनी रक्त घेतलंय, त्यांनी एकदा अँटी-एचसीव्ही ही रक्ततपासणी करून घ्यावी.