बंदुकांचे बिऱ्हाड

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि नोकरीपायी आज येथे, उद्या बंगळुरास बिऱ्हाड हलविणारा वर्ग तेथे राहावयास आला. अशा एखाद्या घरी आजोबांच्या शिकारी बंदुका व काडतुसे असली, तर भांड्याकुंड्यांबरोबर ती मालमोटारीत घालून चालणार नाही. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर राज्याची सीमा ओलांडताच तो निरुपयोगी होतो. नव्या गावी वर्दी देण्यास ३० दिवस मिळतात खरे. पण त्या मुदतीने परवान्याचे क्षेत्र वाढत नाही, आणि नेमका येथेच सरळमार्गी माणूस फसतो. तिसरी बंदूक तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर, नेमबाजांसारखे अपवाद वगळता, येथेही ठेवता येत नाही.

निर्बंध सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. १९९७ साली डॉ. दत्ता सामंत गोळ्यांना बळी पडले, हे गिरणगाव विसरलेले नाही. परंतु परवानाधारकाचा क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत असताना क्षेत्रवाढीचा निर्णय त्यास प्रवासाआधी मिळालाच पाहिजे. सरकारने तशी मुदत बांधून द्यावी. तोवर बंदुका व काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून पावती घ्यावी, आणि मालमोटार त्यांच्यावाचून जाऊ द्यावी.