हरित वास्तुकला पत्र्याच्या घरापर्यंत कधी येणार?

पर्यावरणपूरक बांधकाम म्हटले की महानगरांतल्या काचेच्या इमारती आणि त्यांना मिळालेले तारे दाखवले जातात. आपल्या देशातील 'गृह' मानांकनाची मुख्य पद्धत 2,500 चौरस मीटरहून मोठ्या इमारतींसाठी आहे. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ मात्र 25 चौरस मीटर. हा शंभर पटींचा फरक नुसत्या जागेचा नाही. वास्तुविशारदाचे ज्ञान कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, हे त्यातून कळते.

येरमाळ्याच्या परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर रानात राबलेली बाई संध्याकाळी तापलेल्या पत्र्याखाली चूल पेटवते. तिच्या घरासाठी हरित वास्तुकलेकडे काय उत्तर आहे?

'पुन्हा मातीच्या घरांकडे चला' हे उत्तर आम्हाला पुरत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे माळवदाखाली गाडली गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांचे दोन्ही थर बांधणाऱ्या लांब दगडांचा अभाव आणि वर मातीचा जड थर, हे त्याचे कारण. त्यानंतर अनेकांनी पत्रा घातला तो हौसेने नव्हे, जिवाच्या भीतीने. शिवाय त्या जुन्या गावाने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले होते. त्याचा सरसकट गौरव आम्ही का करावा?

दोष दगड-मातीचा नव्हता, बांधणीचा होता. वास्तुविशारदाचे खरे काम इथूनच सुरू होते. लॉरी बेकर यांनी केरळात गवंड्यांसोबत उभे राहून काम केले. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली की सुमारे पाव विटा वाचतात आणि उष्णताही आत उशिरा येते. स्लॅबमध्ये कौले भरली की काँक्रीट कमी लागते. आपल्याकडे याला भूकंपरोधक पट्ट्यांची जोड हवी. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुन्याचे खडे वेचतात. श्रद्धेबद्दल आमचे मत वेगळे आहे, पण चुना या मातीतलाच आहे. स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुन्याचा हात दिला तरी घर कमी तापते. समोरासमोर खिडक्या, पश्चिमेला झाड आणि पागोळ्यांचे पाणी साठवायला टाकी, यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रमाई आवास योजनेच्या लाभार्थ्यांना इथल्या हवामानाचे, भूकंपरोधक घराचे नकाशे पंचायत समितीत मोफत मिळावेत. वास्तुकला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे एक सत्र वस्तीत घ्यावे. दगड फोडणाऱ्या वडारांना आणि भिंत उभारणाऱ्या गवंड्यांना प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि वाढीव मजुरी मिळावी. घडवणारे हात आमचे आणि आराखडा दुसऱ्याचा, ही श्रमिकांची विभागणी मोडली पाहिजे.

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. आधी जगणे ठरले, मग भिंती. आमच्या मुलांनाही भरदुपारी घरात बसून अभ्यास करता आला पाहिजे. तरुणांनो, वास्तुकलेला प्रवेश घ्या. आणि तोवर ग्रामसभेत उभे राहून अनुदानाच्या हप्त्यासोबत नकाशाही मागा.

जय भीम!