साखरगाठीचा साचा आणि इंग्रजीचा बाऊ

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

इंदापूरकडच्या वाड्यावस्त्यांवरची पुष्कळ मुलं बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातात. परवा एक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक मला म्हणाले, "सर, इंडक्शनने तापणाऱ्या साच्यात थर्मोप्लास्टिक कंपोझिट करणं वगैरे या मराठी माध्यमाच्या पोरांच्या डोक्यावरून जाणार. त्यांनी बटणं दाबावीत."

का हो? पाडव्याच्या साखरगाठी होताना ज्यानं पाहिल्यात त्याला निम्मा विषय येतोच. पाक तापला की वाहतो, निवला की घट्ट होतो, परत तापवला की परत वाहतो. थर्मोप्लास्टिकचंही तेच. (बेकेलाइटचं तसं नाही, ती भाजलेली वीट.) त्यात काचेचे किंवा कार्बनचे धागे घातले की झालं कंपोझिट. खरी अडचण साच्याची. साचा गार असेल तर प्लास्टिक धाग्यांत मुरण्याआधीच थिजतं, आणि गरम असताना वस्तू काढली तर ती वाकडी होते. म्हणजे तोच साचा झटकन तापायला हवा अन् झटकन निवायलाही हवा. तेलानं किंवा हीटरनं तापवायचं तर अख्खा पोलादी ठोकळा तापवा, मग अख्खा निववा. वेळ खातो तो इथं!

इंडक्शनमध्ये तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडतात. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेल्या तत्त्वानं साच्याच्या पृष्ठभागातच वीज फिरू लागते आणि तेवढाच पातळ थर तापतो. मागून पाणी खेळवलं की लगेच निवतो. क्रँकशाफ्टची नुसती कातडी कडक करायला हीच युक्ती कारखान्यांत कित्येक दशकं वापरतात. घरच्या इंडक्शन शेगडीवर आजीचं पितळी पातेलं का तापत नाही, एवढं वर्गात विचारा आणि मग पोरांचे प्रश्न ऐका.

भाग खडबडीत निघाला, धागे कोरडे राहिले, तर बटण दाबणारा साहेबाला हाक मारणार. ज्याला समजलंय तो साचा कुठं कमी तापला ते बघणार. दोघांच्या पगारात फरक पडतो तो यानंच, म्हणून माझा जीव तुटतो.

'उष्मामृदू संमिश्र'च म्हणा, असा हट्ट धरणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार. आमचे शेतकरी ड्रिप म्हणतात, मल्चिंग म्हणतात, काही अडत नाही. शब्द कुठलाही घ्या, वाक्य मराठी ठेवा.

२०२१ साली पिंपरी-चिंचवडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं. मग साच्याचंच वावडं का? प्राध्यापक महाशयांनी एकदा आमच्या वाडीवर यावं. फळा पुसून ठेवतो.