कृशता, मेद आणि हृदयधमन्या

हृदयविकार हा लठ्ठ माणसांचा रोग असून अंगाने काटक असलेल्याला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, हे मत ज्वारीची भाकरी आणि शेतीचे कष्ट यांवर पिढ्या पोसलेल्या बार्शी तालुक्यात सहज पटणारे आहे. याच्या अगदी उलट असे दुसरे मतही सुशिक्षितांत रुजू लागले आहे, ते असे की साखर, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांचे अहवाल निर्दोष असतील तर लठ्ठपणा निरुपद्रवी समजावा. पहिले मत वजनालाच सर्वस्व मानते, दुसरे त्याला मुळीच मोजत नाही. आणि दोन्ही मते वजन व चयापचय, म्हणजे अन्नाचे ऊर्जेत व साठ्यात रूपांतर करणारी शरीरव्यवस्था, यांचा परस्परसंबंध तोडून विचार करतात.

पहिल्या मताला आधार नाही असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे 1948 साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून लठ्ठपणा हे हृदयविकाराचे स्वतंत्र कारण असल्याचे 1983 साली मांडले गेले. परंतु लठ्ठपणा धोका वाढवतो, एवढ्यावरून कृशता धोका टाळते असे सिद्ध होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 22.3 असा सारखाच होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिकांत 21.2 टक्के निघाला. याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने हलकी असूनही त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. खेड्यातला जन्म आणि हलके शरीर यांना अभयपत्र मानणाऱ्या समजुतीचा पायाच यामुळे ढासळतो.

असे का घडते, याचे उत्तर मेद कोठे साठतो यात आहे. त्वचेखालील साठवणीची क्षमता संपली की उरलेला मेद यकृतात आणि आतड्यांभोवती साचतो; तेथून यकृताकडे मेदाम्लांचा ओघ वाढतो, इन्शुलिनचा प्रभाव क्षीण होतो, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढून हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि साखर व रक्तदाबही चढू लागतात. अशा रक्तातील कोलेस्टेरॉलवाहू कण करोनरी धमन्यांच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या, भिंतीत शिरून दाह निर्माण करतात व तेथे थर साचत जातो. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात देहभार निर्देशांकापेक्षा कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर झटक्याच्या धोक्याशी अधिक निगडित आढळले, ते याच कारणाने.

दुसरे मतही कसोटीला उतरत नाही. ब्रिटनमधील सुमारे 35 लाख व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चयापचयाचा कोणताही दोष नसलेल्या लठ्ठ व्यक्तींनाही सामान्य वजनाच्या निरोगी व्यक्तींपेक्षा हृदयधमनीविकाराचा धोका 49 टक्क्यांनी अधिक आढळला. शिवाय आजचे निर्दोष अहवाल ही कायमची स्थिती नसते. लठ्ठपणा टिकून राहिला तर त्यांपैकी अनेकांत पुढे दोष उत्पन्न होतात.

मग प्रतिपाद्य काय? वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील मेद यांचा एकत्र विचार झाला पाहिजे. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर मानली जाते, आणि ती मोजायला साधी फीत पुरते. वजन उतरले नाही म्हणून व्यायाम व पथ्य व्यर्थ गेले असेही समजू नये, चेन्नईतील डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात आहार-विहार सुधारलेल्या गटाचे वजन फारसे घटले नाही, तरी मधुमेहाचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झाले.

हे ग्रामीण भागात साधणार नाही, हा आक्षेप निदान बार्शीत तरी टिकत नाही. भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी 1987 साली येथेच सुरू झाली आणि तिने बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगावी जाऊन रुग्ण शोधले, लक्षणांची माहिती दिली. परिणामी गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक स्त्रियांत आरंभीच्या अवस्थेतच ओळखला जाऊ लागला. रुग्णाने रुग्णालयात येण्याची वाट न पाहता त्याच्या दारी जाणारी हीच पद्धत कंबर, रक्तदाब आणि साखर मोजण्यासाठी वापरता येईल. छातीत कळ येईपर्यंत स्वतःला निरोगी समजणाऱ्या काटक शेतकऱ्याचा धोका वेळीच ओळखण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो अनुसरणे हे समाजाचे व आरोग्ययंत्रणेचे कर्तव्य आहे.