अडचण आधी, साधन नंतर

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्किनर, पॅपर्ट यांसारख्या परदेशी विद्वानांशी माझा परिचय यथासांग करून देण्यात आला. परंतु या शास्त्राच्या भारतीय इतिहासात ज्या दोन स्त्रियांना अग्रपूजेचा मान मिळावा असे मला आज निःसंशय वाटते, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या एका वेगळ्याच विषयात, तेही जाता जाता, भेटल्या. १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे कार्य केले, त्याची गणना आपण समाजसेवेत करतो व ती यथार्थच आहे. तथापि त्या कार्याची रीत बारकाईने न्याहाळली म्हणजे ते शास्त्रही होते हे ध्यानात येते. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती आणि वारली पाड्यांना ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा त्या साधनांमागचा आशय कायम ठेवून शंखशिंपले, बिया, खडे, पाने आणि काटक्या यांतून त्यांनी नवी साधने सिद्ध केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा हजेरीपटावर गैरहजेरीची नोंद करून न थांबता ती का येत नाहीत याचा त्यांनी शोध घेतला. आणि मोठी मुले गुरे राखतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, हे उमगताच अंगणवाडी वस्तीच्या अंगणात भरू लागली व कुरणशाळा गुरांच्या मागोमाग कुरणात गेली. शिकणाऱ्याची अडचण हुडकावी, तिला अनुरूप असे साधन आणि अशी व्यवस्था योजावी, परिणाम पाहून तीत फेरफार करावा, ही जी प्रक्रिया आमचे ग्रंथ जड परिभाषेत सांगतात, ती येथे प्रत्यक्ष घडलेली होती.

यंत्रांविषयी मला अनादर नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्या देशात सुरू झालेल्या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाचा, ज्याला ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखतात त्याचा, वृत्तान्त वाचताना माझे मन भरून आले होते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षाच्या मुदतीने मिळालेला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत चित्र थेट उतरवून घेण्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या अँटेना बसवलेल्या. जेथे वीज पोहोचली नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवलेले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात प्रा. यशपाल व त्यांचे सहकारी यांनी हे सारे उभे केले. मला अधिक मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, संच बिघडला तर तो कोणी व कसा दुरुस्त करायचा याची तजवीज मूळ आराखड्यातच होती, आणि लोक काय पाहतात, त्यांना काय समजते, याचा अभ्यास करण्यासाठी संशोधक खेड्यांत मुक्काम करून राहिले होते. उपग्रह वर्षाने परत गेला. पण प्रयोग कसा करावा याचा तो वस्तुपाठ ठरला.

क्षेत्रकार्याच्या निमित्ताने ज्या थोड्याबहुत शाळा मला पाहता आल्या, तेथे याच्या उलट अनुभव आला. टॅबलेट संच डेडस्टॉक रजिस्टरात अनुक्रमांकासह नोंदलेले होते आणि कपाटात कुलूपबंद होते. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. संच फुटला तर वसुली आपल्या पगारातून होईल हे भय त्यांना होते, चार्जर बिघडल्यास तो कोणत्या निधीतून घ्यावा याविषयी लेखी हुकूम नव्हता, आणि नवा पाठ सिद्ध करण्यासाठी लागणारा अवकाश माहिती भरून पाठवण्याच्या कामात संपून जात होता. अशा स्थितीत वस्तू सुरक्षित ठेवणे हाच कोणाही विवेकी माणसाचा निर्णय असता.

वस्तू मुलांच्या हाती पोहोचली तरी तेवढ्याने काय होते, याचा विदा पेरू देशातून आलेला आहे. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या जागतिक योजनेचा तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांतील परिणाम इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सामान्य तर्कशक्तीच्या चाचण्यांत काही लाभ दिसला, पण गणित आणि भाषा यांत प्रगती आढळली नाही. माध्यम स्वतः काही शिकवीत नाही, शिकवते ती त्यामागची अध्यापनरचना, असे आमच्या शास्त्रातील संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये प्रतिपादन केले आणि रॉबर्ट कोझमा यांनी त्यास विरोध केला; तो वाद अद्याप मिटलेला नाही. माझा कल क्लार्क यांच्याकडे आहे, जरी काही साधने नव्या रीतीने विचार करण्याची संधी देतात हे कोझमा यांचे म्हणणे मला पुरते खोडता येत नाही.

परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा झाली ती पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची. परंतु वर्गातील मुलांची मातृभाषा कन्नड आहे आणि पुस्तकाची भाषा त्यांना कळत नाही, या निरीक्षणावर त्यांचे काम उभे होते. त्याच्या आदल्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जे वादळ उठले तेही मला याच संदर्भात आठवते. ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी उच्चारायचे आणि लिहिताना तीन आधी लिहायचे, या उलटापालटीत कोवळी मुले बत्तिसाचे तेवीस करून बसतात. म्हणून प्रचलित नावासोबत ‘तीस दोन’ असेही वाचन पुस्तकात देण्यात आले आणि गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्याचे जाहीर समर्थन करावे लागले. भाषेच्या सौंदर्याची चिंता वाहणाऱ्यांचे आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु त्या बदलाचा उगम एका सात वर्षांच्या मुलाच्या अडचणीत होता आणि त्याला विजेची गरज नव्हती. माझ्या विषयाचा याहून शुद्ध नमुना मला अभ्यासक्रमात आढळलेला नाही.

म्हणून शासनाकडे माझे आग्रहाचे मागणे आहे की, शाळांसाठी यंत्रखरेदीचा प्रत्येक प्रस्ताव कोणत्या मुलांची कोणती अडचण दूर करण्यासाठी आहे आणि ती कोणी वर्गात बसून पाहिली, याचा तपशील त्या प्रस्तावाच्या पहिल्या पृष्ठावर असावा. दुरुस्तीची तरतूद खरेदीच्या मंजुरीतच अंतर्भूत असावी. प्रामाणिक वापरात झालेल्या मोडतोडीची वसुली शिक्षकाकडून होणार नाही असा स्पष्ट हुकूम निघावा. पाठाच्या तयारीचा वेळ वेळापत्रकात नोंदला जावा. आणि वर्षाअखेरची तपासणी पुरवठादाराशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी करावी. एवढे नसेल तर आलेला माल परत पाठवण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला असावा.