खाटेला पैसे, नर्सला नाहीत

माघ पौर्णिमेला कचारगडला हजारो गोंड आदिवासी जमतात. दरेकसा स्टेशनपासून गुहेपर्यंत माणसांची रीघ लागते. यात्रा संपली की हा भाग बाकीच्यांच्या डोक्यातून जातो. आणि इथल्या मनोरुग्णाचा विचार तर यात्रेतही कोणी करत नाही.

समजा, इथल्या एखाद्या टोल्यावरच्या पोराला स्किझोफ्रेनिया आहे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती केला, बरं वाटलं, घरी आला. पुढे काय? गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या. गोंदियाला 2016 पासून मेडिकल कॉलेज आहे, पण तिथलीही एक फेरी म्हणजे बापाची एक रोजी बुडाली. दोन फेऱ्या चुकतात, गोळ्या संपतात, पोरगा पुन्हा बिघडतो. पुन्हा नागपूर!

त्याला दर महिन्याला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही हो. लागते मानसिक आरोग्याचं शिक्षण घेतलेली नर्स. इंजेक्शन देईल, झोप-भूक विचारेल, हात थरथरतात का बघेल, आईशी बोलेल, गरज वाटली तर डॉक्टरला फोन लावेल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात या नर्सची व्याख्या आहे, तिची नोंदणी आहे. शिवाय मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, असं त्याच कायद्याचं कलम 21 विमा कंपन्यांना बजावतं.

मग सरकारी विमा काय करतो? आयुष्मान भारतच्या यादीत मानसिक आजार आहेत, पण पैसे मिळतात भरती झाल्यावर. बाह्यरुग्ण उपचार त्यात नाहीत. म्हणजे पोरगा बिघडून खाटेवर पडला तर पैसे, आणि त्याला खाटेवर पडू न देणाऱ्या भेटीला छदाम नाही. याला काय म्हणायचं?

"पाठपुरावा विम्यात बसत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आपलीच योजना वाचावी. 2012 मध्ये जीवनदायी (आताची महात्मा फुले योजना) सुरू झाली, तेव्हा तिच्यात 121 पाठपुरावा पॅकेजेस होती. ऑपरेशननंतरचा पाठपुरावा चालतो, मग मनाचा का नाही?

"खोट्या भेटी दाखवतील." आशाताई नवजात बाळाच्या घरी 42 दिवसांत सहा भेटी देते, त्याचे 250 रुपये ठरले. ते पैसे तुटपुंजे आहेत हे खरं, पण भेट मोजून पैसे द्यायची पद्धत आपल्याला येते, हे तर सिद्ध झालं ना?

"नर्स काय डॉक्टर आहे?" नाही, आणि तसं कोणी म्हणतही नाही. अमेरिकेत मेडिकेअर नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के देते. आपल्याला तेवढी उडी नको. औषध डॉक्टरनेच ठरवावं, भेट नर्सने द्यावी.

"तिला पगार मिळतोच की!" मिळतो. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्ह्याला एक. ते टोल्याटोल्यावर कसं पोचणार? क्लेमचे पैसे सरकारी दवाखान्यालाही मिळतात. भेटीचे मिळाले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला अशी नर्स ठेवणं परवडेल.

2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर सापडले होते. ते काय खाटा कमी म्हणून फक्त? दारापर्यंत कोणी पोचलं नाही म्हणूनही.

मागणी एवढीच : योजनेच्या यादीत एक ओळ वाढवा. मनोरुग्णाची घरभेट, नर्सकडून, दरमहा. बाकी कायदा आहे, नर्स आहे, योजना आहे. फक्त ती ओळ नाही.