बॅकअपवाल्याच्या हाती सगळ्या किल्ल्या?

मंडळी, २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं तेव्हा आमच्या चारकोपात जो तो म्हणे, "सगळं संगणकावर हवं होतं!" म्हणजे सुटलो? २०१४ साली कोड स्पेसेस या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडच्या खात्याचा ताबा एका खंडणीखोराने घेतला. त्याने माहिती पुसली, बरेचसे बॅकअपही पुसले. कंपनीने धंदा गुंडाळला.

तरी आमचे चिरंजीव कुबरनेटिसवर बॅकअपची स्क्रिप्ट लिहितात आणि तिला 'क्लस्टर-ॲडमिन', म्हणजे सर्वाधिकारी, करून मोकळे! का, तर परवानग्या मोजून द्यायचा कंटाळा. अरे, झेरॉक्स काढणाऱ्या शिपायाला दप्तराच्या कपाटाची किल्ली पुरे, शाळेचा सातबारा कशाला? आणि जुने बॅकअप पुसायची मुभा त्या स्क्रिप्टला मुळीच नको. ती वेगळ्या खात्यात, वेगळ्या माणसाकडे ठेवा.